दांड्याची पाठ

सोमवार, ४ नोव्हेंबर

चि. भुंगा यास अनेक आशीर्वाद.

या नावाने तुला हाक मारायचा हक्क तुझ्या ताईचा. मी आधी तुझं कागदोपत्री नाव घालून सुरुवात केली होती, पण ते पत्र चष्म्याच्या बिलासारखं दिसायला लागलं. म्हणून दुसरा कागद घेतला. लहानपणी तू दिवसभर नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायचास म्हणून हिने तुला भुंगा केलं, आणि दाढी पांढरी व्हायला लागली तरी तू भुंगाच राहिलास. आता हे नाव चालू ठेवायला कुणीतरी हवं.

इकडे सर्व ठीक. दुकान उघडायला लागलो आहे. लोक नवीन चष्मा घालून आरशात बघतात आणि मान वळवून विचारतात, "कसा दिसतोय?" याचं उत्तर ही द्यायची. मी म्हणतो, "नंबर बरोबर आहे." काहींचा चेहरा पडतो.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोललो नाही. फोनवर मला दोनच शब्द सुचतात, 'हो' आणि 'बरं'. समोर माणूस दिसत नसला की मी चष्मा काढल्यासारखा होतो. म्हणून लिहितो आहे. तू म्हणालास की महिनाअखेरीला तुम्ही बँडची मंडळी तिच्या आठवणीसाठी कार्यक्रम करताय, त्यात तू तिची गिटार वाजवणार, आणि नंतर ती तुझ्याकडेच राहावी असं तुझ्या मनात आहे. "तुमच्याकडे ती नुसती कपाटावर पडून राहणार, भावोजी." मी 'बरं' म्हटलं.

तुझं म्हणणं बरोबरच आहे. मला सूर कशाशी खातात ते माहीत नाही. वस्तू ज्याला वापरता येते त्याच्याकडे असावी. तेव्हा गिटार तुला मिळेल.

मात्र जरा थांबावं लागेल. काल ती पिशवीतून काढून पाहिली तर दांड्याची पाठ खराब झालेली. (तुम्ही त्याला नेक म्हणता. मी दांडा म्हटलं की ही म्हणायची, "दांडा झाडूला असतो हो!" पण मला तोच शब्द बसलाय.) पुढची बाजू, जिथे तारा आणि आडव्या पट्ट्या आहेत, ती उत्तम आहे. पाठीवर मात्र, जिथे वाजवणाऱ्याचा अंगठा आणि तळहात फिरतो, तिथे टोकाकडचा निम्मा भाग घासून पार निस्तेज झालाय. उरलेला निम्मा नव्यासारखा चकाकतो. एका चष्म्याला एक काच नवी आणि एक जुनी बसवावी तसं दिसतं. समोर बसलेल्याला दांड्याची पाठ दिसत नाही, म्हणून इतके दिवस माझ्या लक्षात आलं नसावं.

घरी ती कधी पिशवीबाहेर भिंतीला टेकवलेली मी पाहिली नाही. दर रविवारी ती तुझ्याकडे यायची. तिथे कुठे खरखरीत कठड्याला वगैरे टेकवून ठेवत होतात का? दोष देत नाही, नुसतं विचारतोय. चरे पडलेली वस्तू माझ्या हातून बाहेर गेलेली मला चालत नाही, एवढंच. पॉलिशचं सगळं सामान दुकानात आहेच. नीट करून देतो.

तब्येतीला जप. रात्रीची जागरणं कमी कर.

तुझा,
भावोजी


सोमवार, ११ नोव्हेंबर

चि. भुंगा यास आशीर्वाद.

गिटार झाली.

दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे काचांना आकार देतो तिथे बसून केली. बफचं, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक लावलं नाही. चाकाने लाकूड ऊब धरतं आणि वरचं लॅकर मऊ पडतं. सगळं हाताने केलं. तारा सैल केल्या, पट्ट्यांच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावली, आणि प्लास्टिकच्या काचांना वापरतो ती पांढरी पेस्ट ओल्या फडक्यावर घेऊन लहान लहान गोल फिरवत गेलो. घाई केली की ढग राहतात. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बसायचो. शेजारचा घड्याळवाला दोनदा डोकावला. म्हणाला, "काय, धंदा बदलला की काय?" मी म्हटलं, "घरचं काम आहे."

आता खराब भाग कुठला आणि चांगला कुठला हे तुला सांगता येणार नाही. दिव्याचा अख्खा गोळा त्यात दिसतो. माझं तोंडही दिसतं, काकडीसारखं लांबट.

इतका वेळ ती गिटार मी कधीच हातात धरली नव्हती. ही असताना माझं काम पिशवी बसमध्ये चढवून देणं आणि संध्याकाळी उतरवून घेणं एवढंच. वजन मला पाठ होतं, आकार नव्हता.

एक विचारायचं होतं. रविवारी तुम्ही करायचात काय? वाजवायचात, ते माहीत आहे. पण सकाळच्या बसपासून संध्याकाळच्या बसपर्यंत माणूस सलग वाजवत नाही. जेवायचात कुठे? ही दमली की आडवी कुठे व्हायची? दुपारी कुणी मध्येच झोपायचं का? या गोष्टी मी तेव्हा विचारल्या नाहीत, कारण विचारलं असतं तर चौकशी केल्यासारखं झालं असतं. ती बसमधून उतरायची तेव्हा तिच्या बोटांना तारांचा लोखंडी वास यायचा आणि तोंडावर कसलं तरी हसू उरलेलं असायचं. आपल्यासाठी नसलेलं हसू माणसाला लगेच ओळखू येतं. "आज बदकाने कमालच केली," असं म्हणून ती जिन्यातच पुन्हा हसायला लागायची. बदक म्हणजे तुमचा ड्रमवाला, हे कळायलाच मला एक वर्ष लागलं. काय केलं बदकाने, असं विचारलं की म्हणायची, "जाऊ दे, तुम्हाला नाही कळायचं. तिथे असायला हवं."

तिथे असायला हवं हे मलाही कळत होतं. पण रविवारी लोकांना सुट्टी असते, म्हणून चष्म्याच्या दुकानाला नसते. आमची सुट्टी सोमवारी. आणि सोमवारी ती दमलेली असायची. दुपारपर्यंत झोपायची, उठून कपडे वाळत घालायची, मला म्हणायची, "आज काही बोलू नका हं, डोकं वाजतंय." हिशेब करायचा नाही म्हटलं तरी होतो. तुला रविवारची ताई मिळाली आणि मला सोमवारची बायको.

ती गेली त्या दिवशीही तसंच झालं. येणारा प्रत्येक जण दारातून सरळ तुझ्याकडे गेला. तू रडत होतास, त्यामुळे लोकांना काय करायचं ते कळत होतं. मी पाण्याचे पेले फिरवत होतो. एका बाईंनी पेला परत देताना मला विचारलं, "तुम्ही पण बँडमधले का?" मी म्हटलं, "नाही, माझं चष्म्याचं दुकान आहे." त्या "अच्छा" म्हणाल्या आणि तुझ्याकडे गेल्या.

हे तुला का लिहिलं ठाऊक नाही. फाडावं असं वाटत होतं, पण याच पानाच्या मागच्या बाजूला गिटारबद्दल लिहिलं आहे आणि ते पुन्हा लिहायचा कंटाळा आला.

गिटार घ्यायला कधी येतोस ते कळव. कुरियरने पाठवणार नाही. इतकं केल्यावर कुणीतरी आपटली तर मला सहन होणार नाही.

भावोजी


शुक्रवार, १५ नोव्हेंबर

भुंगा,

तुझा फोन झाल्यावर मी दुकान लवकर बंद केलं. फोनवर मी 'हो' आणि 'बरं' म्हणालो ते विसर. जे म्हणायचं होतं ते इथे लिहितो.

तू विचारलंस, "चकचकीत केलीत? सगळी?"

मी म्हटलं, "हो."

मग म्हणालास, "अहो भावोजी, तो भाग खराब नव्हता झाला. ताईने स्वतः घासून मॅट केला होता. चकचकीत नेक तिच्या हाताला चिकटायची."

त्यापुढचं तू हसवायला सांगितलंस असं मला वाटतं. तुझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून, तुझ्या सिंकवरच्या भांडी घासायच्या हिरव्या घासणीने केलं म्हणे. तू ओरडलास, "आता मी भांडी कशाने घासू?" तर ती म्हणाली, "तू कधी घासलीस?" मग कित्येक रविवार तेच चाललं, निम्मं झालं की थांबायची आणि म्हणायची, पुढचं नंतर करू. आळशी कुठली, असं तू तिला चिडवायचास. हे सगळं तू मला असं सांगितलंस जसं काही मी पण ऐकून हसावं.

मला हसू आलं नाही. माझ्या दुकानात घासायचे सात प्रकारचे वॉटर पेपर आहेत. इतका बारीक कागद आहे की गालावर फिरवला तर कळत नाही. वस्तू चकचकीत कशी करायची आणि चकाकी कशी घालवायची, याच्यावरच आपलं घर चालतं. ज्या घरात हे सगळं आहे त्या घरात राहणाऱ्या बाईने दीड तास बसने जाऊन भावाच्या खरकट्या घासणीने गिटार घासली आणि नवऱ्याला एका शब्दाने सांगितलं नाही.

मी विचारलं, का? तेव्हा तू म्हणालास की औषधांनी तिची बोटं बधिर व्हायला लागली होती, तळहात सुजायचा, घाम यायचा, आणि ते तिने तुला सांगितलं होतं. आणि असंही सांगितलं होतं की, "ह्यांना बोलू नकोस. हे हळूच काढून घेतील."

काय काढून घेतील, भुंगा? मी तिचं काय काढून घेतलं होतं? तिच्या औषधांच्या वेळा मी सांभाळल्या. डॉक्टर जे बोलले ते ओळन् ओळ मला पाठ होतं. बोटं बधिर होऊ शकतात हे डॉक्टरांनी तिच्यादेखत मला सांगितलं होतं आणि मी तिला दर आठवड्याला विचारायचो, "बोटं कशी आहेत?" ती म्हणायची, "मस्त." माझ्याकडे बघून म्हणायची. आणि रविवारी तुझ्याकडे येऊन तुला खरं सांगायची.

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग मिळालं. मला बरं वाटावं म्हणून पाठवलंस, ते कळलं. लावलं. सुरुवातीला तुम्ही दोघं कशावर तरी हसताय. बराच वेळ. मग ती म्हणते, "गप, गप, चालू झालंय ते." आणि पुन्हा हसते. मी तिथेच बंद केलं. पुढे वाजलेलं मी ऐकलेलं नाही.

तू म्हणालास, काही हरकत नाही, असू दे, चकचकीत तर चकचकीत, मी तशीच वाजवेन. मोठं मन दाखवलंस. मला ते नको आहे. तुझ्याकडे तिचे रविवार आहेत, तिचं हसणं आहे, तिच्या दुखण्याचं खरं काय ते पण तुझ्याकडेच आहे. आता गिटारही तूच न्यावीस असं मला वाटत नाही. ती इथेच राहील. कपाटावर पडून राहिली तर राहू दे. कार्यक्रमाला कुणाची तरी दुसरी मागून आण.

येऊ नकोस. मी पुढच्या आठवड्यात कामात आहे.

(सही करायला हात होत नाही.)


सोमवार, १८ नोव्हेंबर

चि. भुंगा,

आशीर्वाद आधी लिहितो, कारण मागच्या पत्रात लिहिले नव्हते आणि ते माझ्या मनाला लागून राहिलं.

ते पत्र तुला मिळालं असेल. त्यातलं काही मी परत घेत नाही, कारण खोटं काही लिहिलं नव्हतं. पण त्याच्या पुढचं घडलं आहे ते तुला सांगायला हवं.

शनिवारी मी ठरवलं की तो भाग पुन्हा मॅट करायचा. तुझ्यासाठी नव्हे. तुझ्या घासणीपेक्षा मी कितीतरी सफाईने करू शकतो हे मला दाखवायचं होतं. कुणाला, ते विचारू नकोस. पण किती भाग करायचा? तिने कुठपर्यंत केलं होतं? मी पेस्ट सगळ्या दांड्यावर फिरवली होती. सीमा माझ्याच हाताने पुसली गेली होती.

दुकानाच्या मागच्या खोलीत मी एका कोपऱ्याला काळा पडदा लावून घेतला आहे, तू पाहिला असशील. तयार झालेली काच तिथे नेऊन एका बाजूने दिवा धरून तपासतो. समोरून बघितलं तर कुठलीही काच स्वच्छच दिसते. प्रकाश आडवा पडला की खरं बाहेर येतं. पॉलिश वरच्या वर चकाकी आणतं, खोल गेलेले चरे आत तसेच राहतात. अशी काच मी गिऱ्हाइकाला देत नाही, परत घासायला घेतो.

गिटार पडद्याआड नेली आणि दिवा आडवा धरला. सगळं होतं तिथे, भुंगा. तिने घासणीने मारलेले सगळे हात.

मी रोज हेच वाचतो, म्हणून सांगतो. कोणी किती दाब दिला, कुठे दमला, कुठे घाई केली, हे चऱ्यांवरून कळतं. टोकाकडे तिचे हात दाट आहेत, लांब आहेत, एकावर एक आहेत. प्रत्येक वेळी तिने तिथूनच सुरुवात केली असणार, कारण दर वेळी तिथे जोर होता. मग ते आखूड होत जातात. मग तिरपे होतात. माणूस बोटांनी धरेनासा झाला आणि मुठीने ढकलायला लागला की तसे तिरपे जातात. मग मध्ये मोकळी जागा सुटायला लागते. आणि शेवटी नुसते एक-दोन, इतके हलके की घासणी टेकली तेवढीच असावी. त्यांच्यापुढे काही नाही.

तिने निम्मं करून आळसाने सोडलं नव्हतं. तिला त्याच्या पुढे जाता आलं नाही. दर रविवारी तिने तोच भाग पहिल्यापासून घासायला घेतला आणि दर रविवारी तिथेच कुठेतरी तिचा हात संपला. तू समोर बसला होतास, तिला आळशी म्हणत होतास, आणि तुला ते दिसलं नाही. तुलासुद्धा तिने सगळं सांगितलं नव्हतं. मला दिसलं.

हे दिसल्याबरोबर मला आनंद झाला. तुझ्याकडे नाही असं काहीतरी माझ्याकडे आलं, म्हणून. पडद्याआड मी एकटा उभा होतो आणि माझी बायको दमत चाललेली मला दिसत होती आणि मला आनंद झाला होता. तो फार टिकला नाही, पण झाला होता. हे लिहायला लाज वाटते, तरी लिहितो, कारण हे वगळलं तर बाकीच्याला अर्थ उरत नाही.

मग ते वाक्य आठवलं, हळूच काढून घेतील. आणि मला कळलं तिला काय म्हणायचं होतं.

तुला माहीत आहे, चष्म्यांच्या काड्यांचे बारीक स्क्रू दुकानात तीच बसवायची. माझ्यापेक्षा तिचा हात हलका. आजारपणात एक दिवस तिच्या हातून एक स्क्रू पडला. खाली वाकून शोधला, पुन्हा लावायला गेली, पुन्हा पडला. गिऱ्हाईक समोर होतं. मी तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि म्हटलं, "राहू दे, मी करतो." रागावलो नाही. उलट पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून स्क्रूचा डबा मी माझ्या बाजूला ओढून घेतला. मग कात्री. मग गरम किटली. प्रत्येक वेळी प्रेमानेच. ती काही म्हणाली नाही आणि मला वाटलं तिला बरं वाटतंय.

बोटं बधिर झालीत हे मला कळलं असतं तर मी त्याच आवाजात म्हणालो असतो, "या रविवारी राहू दे." आणि तिने ऐकलंही असतं. म्हणून तिने सांगितलं नाही. मी वाईट असतो तर ती भांडली असती. मी तसा नव्हतो, एवढीच तिची अडचण होती.

आज सुट्टी. सकाळी बाजारातून एक हिरवी घासणी आणली. माझे सातही कागद बाजूला ठेवले. पडद्याआड दिवा एका हातात धरायचा, तिचे चरे कुठे आहेत ते बघायचं, दिवा ठेवायचा, आणि त्यांच्यावरूनच घासणी न्यायची. तिने जसं केलं होतं तसं, टोकाकडून, लांब आणि दाट, मग आखूड, मग तिरपं. जिथे मोकळी जागा होती तिथे मोकळी सोडली. जिथे तिचे ते शेवटचे दोन हलके हात होते तिथे मीही नुसती टेकवली. माझा हात तिथे अजिबात दमला नव्हता. त्याला थांबवायला जोर लावावा लागला.

आता पहिल्यासारखं दिसतं. एकच फरक आहे. पूर्वी मला तो भाग खराब दिसायचा.

अजून एक राहिलं. इतक्या पानांमध्ये मी ते टाळतोय.

मी हिला कधी ऐकलेलं नाही. घरी ती वायर न लावता वाजवायची. भिंती पातळ, शेजाऱ्यांकडे आजारी म्हातारी, आणि मी दुकानातून थकून आलेलो. खोलीच्या कोपऱ्यात बसून वाजवायची तेव्हा डास कानाशी आल्याएवढा आवाज यायचा. मी पेपर वाचत असायचो. कधी म्हणायचो, "छान." तिचं खरं वाजवणं, तो आवाज मोठा करणारा खोका लावून, वायर जोडून, तुमच्या सगळ्यांबरोबर, ते रविवारी असायचं. तीन-चारदा तिने विचारलं, "एखाद्या रविवारी दुकान बंद ठेवता येईल का?" मी म्हटलं, बघू. मग तिने विचारणं बंद केलं. तुझा एवढा हेवा मला वाटत राहिला आणि दार मात्र उघडंच होतं. तरी हेवा कमी होत नाही. उलट वाढतो. तू तिला ऐकलं आहेस.

तेव्हा असं कर. या रविवारी ये. मी दुकान बंद ठेवतोय. पाटी आत्ताच लिहून ठेवली आहे. घड्याळवाल्याने वाचली आणि विचारलं, "रविवारी? बरे आहात ना?" मी म्हटलं, पाहुणा येतोय.

येताना तुझा खोका आण, वायर आण. शेजारच्यांना मी सांगून ठेवलं आहे. आधी इथे वाजव, तिच्या कोपऱ्यात बसून, आणि आवाज कमी करू नकोस. मी पेपर घेणार नाही. मग गिटार घेऊन जा. ती तुझी. कार्यक्रमाला मी येईन, मागे कुठेतरी बसेन. कुणी विचारलं तर बँडमधला नाही म्हणून सांगेन, पण कोण ते पण सांगेन.

दांड्याच्या पाठीचा उरलेला चकचकीत भाग मी तसाच ठेवला आहे. ते 'नंतर करू' ती तुला म्हणाली होती, मला नाही. करायचं की नाही ते तू ठरव. करायचं असेल तर तुझ्या सिंकवरची तीच घासणी घेऊन ये, म्हणजे मी समोर बसेन आणि तुला आळशी म्हणणार नाही.

आणि मग ते रेकॉर्डिंग लावू. पहिल्यापासून. पण त्याआधी तुम्ही दोघं कशावर हसत होतात ते मला सांग. मला कळणार नाही असं ती म्हणायची. कदाचित कळणारही नाही. तरी सांग, सगळं, बदकासकट.

रविवारी संध्याकाळी स्टँडवर उभं राहून वाट बघायची मला सवय आहे. या वेळी सकाळच्या बसला उभा राहीन. पिशवी नसेल उतरवायला, पण तुझा खोका जड असतो म्हणतात. तो मी उचलेन.

तुझ्या ताईची वाट बघून झालेला, आता तुझी बघणारा,

भावोजी